सोमवारची पोटदुखी

या पानावर आम्ही आजवर रक्तक्षय, डेंग्यू, टीबीच्या गोळ्या मधेच सोडण्याचे दुष्परिणाम, असे विषय लिहीत आलो. या वेळी एका मुलीच्या पोटदुखीबद्दल लिहीत आहोत. तिच्या घरच्यांची परवानगी घेतली आहे, आणि कोणाला ओळखता येऊ नये म्हणून चार गोष्टी बदलल्या आहेत.

गेल्या पावसाळ्यात आमच्या आरोग्य वर्गात एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलीचे पोट दुखायचे, बेंबीभोवती, सकाळच्या वेळी. महिनाभरात निम्मी शाळा बुडाली होती. जंताची गोळी देऊन झाली होती, लघवी तपासून झाली होती, सोनोग्राफीत बाराशे रुपये गेले होते. नजरही काढून झाली होती. (आपल्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची तसबीर असते आणि तिच्याखालीच मीठ-मिरची ओवाळली जाते, हे आम्ही वीस वर्षे पाहतो आहोत. त्यावर पुन्हा कधीतरी लिहू.) सगळे रिपोर्ट चांगले होते.

आम्ही विचारले, रविवारी दुखते का? आई म्हणाल्या, "रविवारी तर दिवसभर खेळते." मे महिन्याच्या सुट्टीत? "एकदाही नाही." सर्वांत जास्त कधी? त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "सोमवारी."

एका वहीत पंधरा दिवस रोजची नोंद ठेवायला सांगितली. किती वाजता दुखले, काय खाल्ले होते, शाळा होती का, किती वेळात थांबले. पंधरा दिवसांनी वही आली ती दुसऱ्याच एका बाईंच्या हातात. अक्षर मोत्यासारखे. एकही दिवस सुटलेला नाही. आम्ही विचारले, आपण कोण? त्या काही बोलायच्या आधी मुलगीच म्हणाली, "ही माझी माई."

आम्हाला आधी वाटले मावशी असतील. मग वाटले मैत्रीण. तिसऱ्या भेटीत दोघींनी सांगितले. मुलीची आई दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याला सोडून तान्हे लेकरू घेऊन निघाल्या होत्या. माई शिलाईच्या कारखान्यात पीसवर काम करतात. सहा वर्षे दोघी एका खोलीत संसार करत आहेत. जोडीदार म्हणून. "लोक आम्हाला काय म्हणतात ते आम्हाला माहीत आहे," माई म्हणाल्या, "पण ते पोरीला म्हणतील असं वाटलं नव्हतं."

शाळेत निबंध होता, 'माझे बाबा'. मुलीने पान कोरे ठेवले. बाईंनी कारण विचारले तेव्हा ती गप्प उभी राहिली आणि त्याच गल्लीतला एक मुलगा मागच्या बाकावरून काहीतरी बोलला. वर्ग हसला. तेव्हापासून मधल्या सुट्टीत तिला त्या नावाने हाक मारली जाते. ते नाव आम्ही येथे लिहीत नाही. आपल्या घरातल्या मुलांना विचारा, त्यांना ते माहीत असेल.

त्यानंतर आम्ही काय केले, तेही लिहायला हवे. आम्ही त्या दोघींना म्हणालो, "मुलीसाठी तरी काही दिवस वेगळ्या राहा. शाळेत माईंना मावशी म्हणून सांगा." समजूतदारपणे, हळू आवाजात, पाठीवर हात ठेवून म्हणालो. नर्सिंगच्या डिप्लोमात आम्हाला शिकवले होते की रुग्णाकडून ऐकून घ्यायचे, त्याच्या जगण्यावर निकाल द्यायचा नाही. मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात आमच्याच जातीवरून आमच्याशी कोण कसे वागले, हे आम्ही विसरलेलो नाही. तरीही आमच्या तोंडून हेच निघाले.

तीन आठवड्यांनी मुलीचे दुखणे वाढले होते. आता ती रात्री अंथरूण ओले करू लागली होती. होणारच. आधी तिला फक्त चिडवणे सोसावे लागत होते. आता त्यावर एक खोटे सांभाळायचे ओझे आले. कोणाला काय सांगितले, कोणासमोर माई म्हणायचे आणि कोणासमोर मावशी, हे नऊ वर्षांचे मूल दिवसभर डोक्यात ठेवत होते. हे आमच्या सल्ल्याने झाले.

मुलाचे पोट भीतीने दुखते तेव्हा ते खरेच दुखते. मूल सोंग करत नाही. मेंदू आणि आतडे यांच्यात मज्जातंतूंचा थेट संबंध आहे. ताण आला की आतड्यांची हालचाल बदलते आणि वेदना जास्त जाणवते. परीक्षेच्या सकाळी मोठ्यांनाही संडासला धावावे लागते, तसेच. म्हणून "नाटक करतेस" असे म्हणू नये. पण सगळेच मनाचे आहे असे समजून घरीही बसू नये. दुखण्याने मूल झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल, शौचात रक्त येत असेल, उलटी हिरवी होत असेल, ताप असेल किंवा दुखणे बेंबीपासून उजवीकडे खाली सरकत असेल, तर वही-बिही बाजूला ठेवून डॉक्टरकडे न्यावे. लघवीला जळजळ आणि अंथरूण ओले होणे एकत्र असेल तर लघवीची तपासणी पुन्हा करावी. आमच्या मुलीला यातले काही नव्हते.

आता वस्तीबद्दल. आमच्या कानावर आले की विहारातल्या उन्हाळी बालसंस्कार शिबिरात दोन आयांनी सांगितले, आमच्या मुलींना तिच्या शेजारी झोपवू नका. जेथे रोज पंचशील म्हटले जाते तेथे हे घडले. त्या दोघी वाईट बायका नाहीत. एकीने कोरोनाच्या काळात स्वतःच्या घरातला तांदूळ वाटला आहे. आम्ही त्यांना भेटलो. त्यांचे म्हणणे तीनच गोष्टींचे होते. बाप नसलेले मूल बिघडते. अशा घरातले मूल तसेच होते. आणि हे श्रीमंतांचे, परदेशातले खूळ आहे, आपल्या समाजात नाही.

शेवटच्यापासून सुरुवात करू. पिसावर मजुरी करणारी बाई आणि नवऱ्याचा मार खाऊन बाहेर पडलेली बाई, दहा बाय बाराच्या खोलीत, सार्वजनिक नळावर पाणी भरून जगत असतील, तर हे श्रीमंतांचे खूळ कसे? आणि आपल्याकडे हा विषय नवा तरी कुठे आहे? १९३४ साली र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकावरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकील म्हणून उभे राहिले ते बाबासाहेब. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना मासिकात उत्तरे दिली, हा गुन्हा. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. लोक विचारतात त्या प्रश्नाला शास्त्राच्या आधारे उत्तर देणे अश्लील ठरत नाही, ही बाबासाहेबांची बाजू होती. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. नव्वद वर्षांपूर्वी आपल्या बापाने जो विषय कोर्टात उभा राहून मांडला, तो आपल्या विहारात काढायला आपण लाजतो.

बाप नसलेल्या मुलाचे काय, हा प्रश्न वस्तीत विचारावा लागतो याचेच आम्हाला नवल वाटते. आमच्या गल्लीत मोजा. किती घरांत आई-बाबा-दोन मुले असे पोस्टरवरचे कुटुंब आहे? कोणाचा बाप गटारात उतरून मेला, कोणाचा दारूने, कोणाचा दुसऱ्या बाईकडे गेला. मुलांना आजी वाढवते, आत्या वाढवते, थोरली बहीण वाढवते. सिद्धार्थाला जन्मानंतर सातव्या दिवसापासून वाढवले ते महाप्रजापती गौतमीने, मावशीने. आई भीमाबाई गेल्यावर भीवाला सांभाळले ते आत्या मीराबाईंनी. रक्ताच्या आईबापांची जोडी असल्याशिवाय मूल नीट होत नाही, असे मानायचे तर आपल्याला आपल्या भिंतीवरचे फोटोच उतरवावे लागतील.

आणि यशवंत. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेथे आलेल्या एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो. त्या मुलाला काय सोसावे लागले ते मात्र फार कोणी सांगत नाही. विधवेचा मुलगा म्हणून त्याला कोणी मुलगी द्यायला तयार नव्हते. जोतीराव गेले तेव्हा भाऊबंदांनी अंत्ययात्रेत टिटवे धरण्याचा त्याचा हक्क नाकारला, आणि सावित्रीबाईंनी ते स्वतः हातात घेतले. यशवंतचे काय चुकले होते? त्याला जन्म कोणी दिला आणि वाढवले कोणी, एवढेच. जोतीराव शहाणे होते. लोकांच्या मनावर विसंबून न राहता त्यांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र करून यशवंतच्या हक्काची तजवीज केली. पुढे यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करत होत्या, तेव्हा तो त्यांच्या बरोबर होता. मृत्युपत्राचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

राहिला दुसरा आक्षेप, अशा घरातले मूल तसेच होते. यावर अभ्यास झालेले आहेत. अमेरिकेत १९८६ पासून समलिंगी आयांच्या मुलांचा एक अभ्यास सुरू आहे. ती मुले गर्भात असल्यापासून मोठी होईपर्यंत त्यांना भेटत गेले. ऑस्ट्रेलियात २०१४ साली सुमारे पाचशे मुलांच्या आरोग्याची पाहणी प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या मोठ्या संघटनेने २०१३ मध्ये सगळे पुरावे तपासून आपले मत जाहीर केले. निष्कर्ष एकाच दिशेचे आहेत. या मुलांची वाढ, अभ्यास, स्वभाव इतर मुलांसारखाच असतो. फरक पडतो तो पालक किती जिव्हाळ्याने वाढवतात, घरात भांडणे-मारझोड आहे का, पैशाची ओढाताण किती, यांनी. आई-बाबा दोघे बायका आहेत की पुरुष, याने नाही.

आम्ही हे आकडे डोक्यावर घेऊन नाचत नाही. त्या अभ्यासांतली बरीच घरे गोऱ्या, शिकलेल्या, खात्यापित्या लोकांची आहेत. त्यांच्यावरून आपल्या वस्तीबद्दल सगळे सांगता येणार नाही. पण त्याच अभ्यासांतली एक गोष्ट आम्हाला अगदी आपल्या घरची वाटली. ज्या मुलांना आईवरून चिडवले गेले, वाळीत टाकले गेले, त्यांच्यात त्रास जास्त दिसला. आणि ज्यांच्या शाळेत या विषयावर मोकळेपणाने शिकवले जात होते, ज्यांच्या आया आपल्यासारख्या इतर घरांशी जोडलेल्या होत्या, त्यांना तोच त्रास कमी बाधला. दुखणे कुठून येते ते यात दिसते. आपल्यालाही ठाऊक आहे. आडनाव ऐकून मागे बसवलेल्या मुलाच्या आईबापात काही खोट होती का?

आपल्या देशातही मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने, समलिंगी असणे हा आजार नाही हे २०१८ मध्ये स्पष्ट केले आणि एप्रिल २०२३ च्या निवेदनात अशा घरातल्या मुलांचा वेगळा उल्लेख केला. कुटुंब, शाळा, वस्ती यांना समजावून मुलांवरचा कलंक रोखला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे आहे. 'बरे करतो' म्हणून पैसे घेणारे डॉक्टर असतील तर ते गैरवर्तन आहे, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ठरवले. बाबा-बुवांबद्दल आयोग काही करू शकत नाही, ते काम आपले.

आता कागद. येथे आम्हाला खरी धास्ती वाटते.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध वगळले. त्या निकालात न्यायमूर्तींनी बाबासाहेबांच्या संविधानिक नैतिकतेचा आधार घेतला. म्हणजे या दोघींनी एकत्र राहणे गुन्हा नाही. पण १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाला मूलभूत हक्क मानण्यास नकार दिला. दत्तकाच्या प्रश्नावर मत फुटले. तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने, लग्न न झालेल्या जोडप्याला एकत्र दत्तक घेता येत नाही हा नियम कायम राहिला. एकटी बाई दत्तक घेऊ शकते. दोघी मिळून नाही. या खटल्यात राष्ट्रीय बालहक्क आयोग विरोधात उभा राहिला, तर दिल्लीचा बालहक्क आयोग बाजूने. मुलांचे भले दोघांच्याही तोंडी होते.

याचा अर्थ आमच्या मुलीसाठी काय? उद्या तिच्या आईला काही झाले, तर सहा वर्षे डबा भरणारी, वही लिहिणारी माई कायद्यासमोर परकी आहे. मुलीचा बाप हयात आहे. आजोबांकडून एकदा निरोपही आला होता, "पोरीला तिथून उचलू." मुलीने तो निरोप ऐकला होता. सोमवारच्या दुखण्यात त्याचाही वाटा होता, हे तिने आम्हाला फार उशिरा सांगितले.

हिंदू अल्पवयीनत्व आणि पालकत्व कायदा, १९५६ बौद्धांनाही लागू होतो. हे आपल्याला रुचत नाही, पण आज तसे आहे. त्यात आईला मृत्युपत्राने मुलासाठी पालक नेमता येतो, पण प्रत्येक आईला सरसकट नाही. विधवेला येतो. बाप हयात असेल तर प्रकरण गुंतागुंतीचे होते आणि न्यायालयात जावे लागू शकते. मात्र न्यायालयाने मुलाचे हित सर्वांत वर धरायचे, असे त्याच कायद्यात लिहिले आहे. म्हणून कोणाच्या ऐकीव सल्ल्यावर स्टॅम्पपेपर करून घेऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना आणि अनुसूचित जातीच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. फोन १५१००. घर, पैसा, भांडीकुंडी यांचे मृत्युपत्र मात्र कोणीही करू शकते, आणि जोतीरावांसारखे वेळेवर करावे.

रोजच्या कामापुरते काही सोपे आहे. आईने मुख्याध्यापकांना सहीचे पत्र द्यावे की मुलीला शाळेतून न्यायला, सभेला यायला, आजारी पडल्यास दवाखान्यात न्यायला अमुक बाईंना माझी परवानगी आहे. सोबत दोघींच्या आधारची झेरॉक्स. याने माई कायदेशीर पालक होत नाहीत, पण फाटकावर अडवणूक होत नाही. एका रेशनकार्डावर दोघींची नावे घालण्यास हरकत नाही, असे केंद्राच्या अन्न विभागाने २०२४ मध्ये राज्यांना कळवले आहे. त्याच वर्षी बँकेच्या संयुक्त खात्याबद्दलही खुलासा झाला. रेशन कार्यालयातल्या बाबूने ते परिपत्रक वाचलेले असेलच असे नाही. दोनतीन खेपा धरून चला. बापाचे नाव लिहिलेच पाहिजे असा आग्रह कोणी धरला, तर एकट्या आईला पालक मानणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल आहे हे सांगा. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात तर आईचे नाव आधी येते.

शाळेत आम्ही तिघी गेलो, आई, माई आणि आम्ही. शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमात मुलाचा मानसिक छळ करायला बंदी आहे, हे बोलायची तयारी करून गेलो होतो. तशी वेळ आली नाही. बाईंनी ऐकून घेतले, थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या वर्गात अकरा मुलांना बाबा नाहीत. मी हा निबंध दर वर्षी देते." एवढे मोजून देणारी बाई आम्हाला फार दिवसांनी भेटली. निबंधाचा विषय त्यांनी बदलला. "उद्या वडिलांना घेऊन ये" ऐवजी "घरच्या मोठ्या माणसाला" म्हणायला लागल्या. चिडवणाऱ्या मुलाला त्यांनी मारले नाही, वर्गासमोर उभे केले नाही, हेही बरे केले. त्याच्या आईला बोलावले. तो मुलगा जे बोलला ते त्याने घरातच ऐकले होते. सर्व शाळांतल्या बाई अशा नसतात. तेथे शाळेची सखी सावित्री समिती आहे, १०९८ आहे, त्यांचा उपयोग करा. मूल फारच कोमेजले असेल, मरण्याची भाषा करत असेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत. किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक असते.

पण खरा फरक पडला तो घरात. आमचा जुना सल्ला आम्ही मागे घेतला, दोघींची माफी मागितली. मग मुलीशी बोललो. गुपित आणि खासगी यांत फरक असतो, असे तिला सांगितले. अंघोळ आपण दार लावून करतो, ती खासगी असते; तिची लाज नसते. घरात कोण कोण आहे हे सगळ्यांना सांगायची सक्ती नाही, आणि लपवायचीही नाही. कोणाला सांगायचे ते तू ठरव. मग तिनेच उत्तरे तयार केली. दुकानदाराने विचारले तर: "माझ्या घरी आई आणि माई आहेत." चिडवणाऱ्याने विचारले तर: "तुला काय करायचंय?" मैत्रिणीने विचारले तर खरे सगळे. आरशासमोर उभी राहून आठ दिवस ती हे म्हणत होती. दुसऱ्या उत्तराला तिला फार मजा यायची.

एक चूक अजून टाळायला हवी होती, ती आम्ही टाळता टाळता राहिलो. अमेरिकेत समलिंगी पालकांच्या मुलांनी १९९० पासून स्वतःची संघटना बांधली. तेथे २०११ मध्ये झॅक वाल्स नावाचा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी, दोन आयांनी वाढवलेला, आयोवा राज्याच्या विधिमंडळासमोर आपल्या घराबद्दल बोलला. पुढे तो त्याच राज्याचा सिनेटर झाला. आम्हाला ही गोष्ट मुलीला सांगायचा मोह झाला. बघ, तूही पुढे असे भाषण कर. मग आम्हाला आमचे बालपण आठवले. आम्ही वर्गात पहिले आलो तरच समाजाची मान वर राहणार होती, नापास झालो तर सगळ्यांची खाली. ते ओझे फार जड असते. आपल्या घराची बाजू मांडायला हिने हुशार असलेच पाहिजे, गुणी असलेच पाहिजे, असे का? तिला गणितात कमी मार्क पडले, तिने हट्ट केला, आदळआपट केली, तरी तो तिच्या दोन आयांविरुद्धचा पुरावा नाही. तुमच्या मुलाने आदळआपट केली तर आम्ही तुमच्या लग्नाची चौकशी करत नाही.

तिला भाषणाची गरज नव्हती, आपल्यासारखे दुसरे मूल दिसायची होती. मुंबईत तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांनी एका आई गमावलेल्या मुलीला लेक म्हणून वाढवले. २०१७ साली ती गोष्ट एका जाहिरातीतून घराघरांत पोचली. ती जाहिरात मुलीने आमच्या फोनवर चारदा पाहिली. दुसऱ्या एका वस्तीतही असेच एक घर आहे असे कळले, तेथे एक मुलगा आहे, अकरा वर्षांचा. महिन्यातून एकदा दोन्ही घरे बागेत भेटतात. मुले त्या विषयावर काहीच बोलत नाहीत असे माई सांगतात. ती क्रिकेट खेळतात.

विहाराचे मात्र अजून भिजत पडले आहे. महिला मंडळाच्या बैठकीत आम्ही विषय काढला. चौघी बोलल्या, दोघी उठून गेल्या, अध्यक्षबाई म्हणाल्या पुढच्या महिन्यात बघू. पुढचा महिना तीनदा येऊन गेला. आम्ही मैत्रीभावना डोळे मिटून करतो, डोळे उघडल्यावर शेजारच्या सतरंजीवर कोण बसले आहे ते पाहतो. येत्या शिबिराची यादी एप्रिलमध्ये लागेल. मुलीचे नाव आम्ही आमच्या हाताने दिले आहे. ज्या आयांना आक्षेप असेल त्यांनी आमच्याकडे यावे, चहा करू, बोलू. मुलीला काही ऐकवू नये.

दुखणे पूर्ण गेलेले नाही. आठवड्यातून चार सकाळी दुखायचे, आता एखाद्या सोमवारी दुखते. अंथरूण कोरडे असते. वही माई अजून लिहितात, आता पाने बरीच रिकामी राहतात. बदललेल्या निबंधात मुलीने दोन पाने भरून शिलाई मशीनबद्दल लिहिले, दोरा कसा ओवायचा, बॉबिन कशी भरायची, सुई मोडली की माई काय म्हणते. बाईंनी त्यातल्या शुद्धलेखनाच्या सतरा चुका काढल्या. गेल्या आठवड्यात शाळेची सहल होती. आई कामावर होत्या, म्हणून फॉर्मवर पालक म्हणून सही माईंनी केली. अजून कोणी काही विचारलेले नाही.